आगाशीचं जुळतं, नायगावचं जुळत नाही

शाळेत असताना चंद्रकांताबाई चुरी कधी दुसऱ्या आल्या नाहीत, तेच पुढे त्यांचं मोठं दुखणं झालं. ज्याला हरायची सवय असते तो हरल्यावरही दोन घास जास्त जेवतो आणि पडून राहतो. बाईंना ती सवयच लागली नव्हती. अकरावीला केंद्रात त्या पहिल्या, पापडीचा ज्युलियस तुस्कानो दुसरा. आता दैवाचे खेळ बघा! दुसरा आलेला ज्युलियस शिकत शिकत डॉक्टरेट घेऊन मुंबईच्या एका संस्थेत हवेचा शास्त्रज्ञ झाला, आणि पहिल्या आलेल्या बाई बी.एस्सी.चा निकाल हातात पडायच्या आत आगाशीच्या चुऱ्यांच्या घरात सून म्हणून आल्या. मागे केळीची वाडी, पुढे पानवेलीचा मांडव, आणि वसईच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी. नवरा दयाराम गुणाचा माणूस. बायको शिकलेली आहे याचा त्याला अभिमान होता, आणि ती घरात शिकवायला लागली की तो तंबाखूची डबी घेऊन विहिरीकडे निघून जायचा.

"मला शास्त्रज्ञ व्हायचं होतं हो," बाई कधीमधी म्हणायच्या.

"मग झालीस की," दयाराम म्हणायचा. "आपल्या केळीवरचा रोग कुणी ओळखला? सगळ्या आगाशीत तुलाच कळला."

बाई कपाळाला हात लावून मुलांच्या वह्या तपासायला बसायच्या.

ब्याऐंशी साल लागायच्या सुमाराला, नाताळच्या सुट्टीत घरी आलेला ज्युलियस एका सकाळी स्कूटर घेऊन बाईंच्या अंगणात हजर झाला. खांद्याच्या पिशवीत एक काळा डबा होता. डब्याला पुढे बारीक भोक, वर काचेत थरथरणारा काटा.

"चंद्रकांता, मला तुझी गच्ची पाहिजे," तो म्हणाला. "आणि गच्चीवर तू पाहिजेस."

मग चहा घेता घेता त्याने सगळं समजावून सांगितलं. आकाशातून एक उपग्रह जातो आणि वरून जमिनीची चित्रं घेतो. त्या चित्रांवरून हवेत धूळ-धूर किती आहे हे काढता येतं का, ते त्याला बघायचं होतं. समुद्रावर ते जमत होतं, कारण समुद्र काळाभोर, त्याच्यावर पांढुरकं दिसलं की समजायचं, ती हवेतली धूळ. जमिनीवर मात्र घोडं पेंड खात होतं. जमीन कुठे हिरवी, कुठे तांबडी. वरून आलेला उजेड धुळीचा की जमिनीचा, हे कसं ओळखणार? म्हणून खाली माणूस उभा करायचा. उपग्रह डोक्यावरून जाईल त्या सकाळी, साडेनऊच्या सुमाराला, हा डबा सूर्यावर रोखायचा. हवेत धूळ जास्त असली की ऊन कमी पोचतं आणि काटा कमी हलतो. त्यावरून खालच्या माणसाचा धुळीचा आकडा निघतो. महिन्याभराने उपग्रहाचं चित्र हातात पडलं की त्याचा आकडा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचे.

"आणि ह्यावर जो निबंध लिहीन तो परदेशी मासिकात छापून येईल," ज्युलियस म्हणाला. "माझ्या नावाखाली तुझं नाव."

छापून! बाईंनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर ठेवला. वीस वर्षं हा माणूस पुढे चाललाय आणि आपण मुलांना लिटमसचा कागद बुडवायला शिकवतोय, हे त्यांच्या मनात रोज कुठेतरी टोचत होतं. आता त्याच्याच निबंधावर, त्याच्या नावाला लागून, चंद्रकांता चुरी. ह्यापलीकडे त्यांना काही नको होतं.

"अजून एक जागा पाहिजे," ज्युलियस पुढे म्हणाला. "तुझ्याकडे गर्द हिरवं आहे, तर दुसरीकडे पांढरंफटक हवं. नायगावची मिठागरं माझ्या मनात आहेत. तिकडचं कुणी हुशार माणूस माहीत आहे?"

"हंसा भोईर," बाई ताडकन म्हणाल्या. "माझीच विद्यार्थिनी."

हंसा ही नायगावच्या खाडीकाठची आगरी मुलगी. आई पुतळाबाई भाताची शेती करायची आणि उन्हाळ्यात मिठावर जायची. बाईंनी स्वतःची पुस्तकं देऊन, रागावून, समजावून तिला बी.एस्सी.पर्यंत नेली होती, आणि हे त्या चार लोकांत कौतुकाने सांगायच्या. खोटं कौतुक नव्हतं ते. पण आपण लावलेलं रोप आपल्या छपरापेक्षा उंच होईपर्यंतच माळ्याला त्याचं कौतुक असतं, हे बाईंना अजून कळायचं होतं.

जानेवारीत उपग्रहाची फेरी आली तेव्हा दोघींनी आपापल्या जागी डबे रोखले. बाई आगाशीच्या गच्चीवर, हंसा मिठागराच्या बांधावर. फेब्रुवारीच्या अखेरीला ज्युलियस चित्रं घेऊन आला. हंसालाही त्याने आगाशीलाच बोलावलं होतं. ओटीवर कागद पसरून तो म्हणाला, "आगाशीचं जुळतं. नायगावचं जुळत नाही."

झालं! बाईंच्या तोंडावर जे तेज चढलं ते संकष्टीच्या चंद्रालाही चढत नसेल. जुळलं म्हणजे बरोबर आलं, आणि बरोबर आलं म्हणजे पैकीच्या पैकी. ज्या बाईने वीस वर्षं पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून मुलांच्या वह्यांवर बरोबर-चूक केलं, तिला आकाशातला उपग्रह हे मागचं उत्तर वाटावं, यात नवल काय?

"हात हलला असेल गं तुझा," त्या हंसाला मायेने म्हणाल्या.

"नाही बाई. नाही हलला."

"मग काटा तिरका वाचला असशील."

"नाही वाचला," हंसा म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण ती मागे काही हटली नाही.

"उपग्रह म्हणतो नायगावच्या हवेत धूळच धूळ," ज्युलियस कागदावर बोट ठेवून म्हणाला, "आणि ही म्हणते हवा आरशासारखी स्वच्छ. गंमत आहे." त्याला गंमत का वाटते हे बाईंना कळलं नाही. त्यांनी त्या दिवशी शेवयांची खीर केली, हंसाला वाटीभर जास्त वाढली, आणि ती गेल्यावर दयारामला म्हणाल्या, "पोर कष्टाळू आहे, पण प्रयोगाला हात बसावा लागतो."

पुढच्या फेरीला ज्युलियसने दोघींचे डबे बदलून बघितले. मार्चअखेर पुन्हा तेच निघालं. आगाशीचं जुळलं, नायगावचं नाही. बाई मनातून निश्चिंत झाल्या. पण एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. जुळतंय आगाशीचं, आणि ज्युलियसची स्कूटर मात्र सारखी नायगावला! मिठागराचे फोटो काय काढतो, मीठ बाटलीत काय भरून नेतो, पुतळाबाईकडे बसून तांदळाच्या भाकऱ्या काय खातो. आगाशीला तो येईनासाच झाला.

त्यातच त्याचे मुंबईचे मोठे साहेब दोन्ही जागा बघायला येणार असा निरोप आला. बाईंनी गच्ची धुऊन घेतली, इरकली नेसल्या, नारळाच्या वड्या थापल्या. सकाळ गेली. दुपार झाली. शेवटी एका विद्यार्थ्याच्या बापाने रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं की जीप नायगावला गेली होती आणि साहेब मिठागरावर तासभर हंसाशी बोलून तिकडूनच परत गेले.

"आता ह्या वड्यांचं काय करू?" बाई म्हणाल्या.

"इकडे दे," दयाराम म्हणाला आणि एकेक करून त्याने ताट निम्मं केलं. "चांगल्या झाल्यात हो. साहेबाचं नशीब फुटकं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब आले नाहीत याचा राग एकपट, ते हंसाकडे गेले याचा दसपट. आपण इरकली नेसून गच्चीवर ताटकळत होतो तेव्हा ती बांधावर, चिखलाचे पाय घेऊन, साहेबांशी बोलत होती! काय बोलली असेल? कोणत्या भाषेत बोलली असेल? इंग्रजी तर आपणच शिकवलं तिला. ह्या विचाराने तर नाकाला मिरच्याच झोंबल्या.

रविवारी चर्चमधून परस्पर ज्युलियस आला, कोटबिट घालून. त्याने साहेबांच्या वतीने माफी मागितली. बाईंनी पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही.

"माझं जुळतंय ना?" त्यांनी विचारलं. "मग येणं-जाणं तिकडे कशाला?"

"तुझं जुळतंय म्हणूनच," तो म्हणाला. "अगं चंद्रकांता, परीक्षेला आपण उपग्रहाला बसवलंय. तू आणि हंसा तपासनीस. तुझ्या वाडीवर तो पास झाला, बरं वाटलं, पण तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नाही. नायगावला तो चुकतोय. मला वाटतं, खालचं पांढरं मीठ त्याला धूळ वाटतंय. चूक सापडली तर ती जगात सगळ्यांना उपयोगी. म्हणून निबंध आता नायगाववरच लिहायचा ठरलाय. नाव हंसाचं येईल."

"आणि माझं?"

"शेवटी आभार मानतात ना, त्यात घालतो की. नक्की घालतो."

आभारात! हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीसारखं, 'याही आल्या होत्या' म्हणून! जाता जाता ज्युलियसने आणखी एक सांगितलं. साहेब म्हणत होते की दोनदा जुळलं नाही हा योगायोग असू शकतो. एप्रिलच्या फेरीलाही जुळलं नाही, तर मात्र मान्य. त्यानंतर ढग येतील, मग काम बंद. "तिसऱ्यांदा जुळलं तर?" बाईंनी विचारलं. "मग नायगावचं सगळंच बारगळलं," ज्युलियस म्हणाला, "आणि आगाशीवर जे काय असेल ते लिहू."

बस्स. एवढं एक वाक्य पुरलं. माणसाच्या मनात मत्सर शिरला की त्याची बुद्धी काही मंद होत नाही हो, उलट अशी धारदार होते की पुसू नका. बाईंनी हिशोब मांडला. उपग्रह म्हणतो नायगावला धूळ फार. हंसा म्हणते कमी. आता त्या सकाळी हंसाच्या डोक्यावर खरंच धूर असला, तर? हंसाचा आकडा चढेल. चढेल आणि उपग्रहाला जाऊन भिडेल. जुळेल! पोर एकदाची पास होईल आणि पास झाली की संपली. आणि एप्रिलात खाडीकाठी धुराला काय तोटा? भात करणारे लोक पावसाच्या आधी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्यांची कवळं पसरून राब भाजतातच. पुतळाबाईचं राबाचं शेत मिठागराला लागूनच होतं.

फेरीच्या आदल्या दिवशी बाई एसटीने वसई रोडला आणि तिथून नायगावला गेल्या. हंसा घरी नव्हती, आणि ती नसणार हे बाईंना ठाऊक होतं. शिकवणीला जायचा तिचा दिवस होता. पुतळाबाई अंगणात जाळं पसरावं तसं गवत पसरून बसली होती. बाईंना बघून ती धडपडत उठली.

"या या बाय! हंसाच्या बाई आमचे घरा! पानी देऊ का ताक देऊ?"

तिने खुर्ची पुसली, ताक दिलं, ताडगोळे सोलून समोर ठेवले. बाईंनी ताक न पिताच भांडं खाली ठेवलं. पण माणूस एकदा ठरवून आला की आलाच.

"पुतळाबाई, राब भाजला का?"

"नाय अजून. परवा पहाटं भाजू. वारा उठाच्या आधी."

"उद्या भाजा," बाई म्हणाल्या. "आणि पहाटे नको, नऊ वाजता पेटवा. ऊन चढल्यावर भाजलं की राख चांगली होते, रोपं जोमाने येतात. शास्त्रात आहे तसं."

पुतळाबाईने कपाळावर हात धरून आभाळाकडे बघितलं. "नवाला? तवा वारा सुटतो ओ बाय."

"थोडाफार सुटला तर सुटला. मी सांगते ना."

"मंग झालं," पुतळाबाई म्हणाली. "तुमी सांगता म्हंजे खरंच आसंल. माझे पोरीला तुमीच मानूस केलाव." आणि निघताना तिने उरलेले ताडगोळे केळीच्या पानात बांधून बाईंच्या पिशवीत घातले. बाईंनी ते घेतले. नको म्हणायलाही तोंड लागतं.

दुसऱ्या दिवशी बाई गच्चीवर डबा घेऊन उभ्या राहिल्या. आगाशीहून नायगावचा धूर दिसणं शक्यच नव्हतं, तरी त्या पुन्हा पुन्हा दक्षिणेकडे मान लांब करून बघत होत्या. साडेनऊला त्यांनी डबा सूर्यावर रोखला आणि त्यांचा हात हलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलला. दोनदा परत आकडा घ्यावा लागला. वाऱ्याने केळीची पानं फडफडत होती, पण बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. वाडीत वाढलेल्या, विहिरीच्या पाण्यावर बागायत करणाऱ्या घरातली बाई ती; राब तिने रस्त्यावरून जाताना लांबून बघितलेला. वारा असताना राब का भाजत नाहीत, हे तिला कुठून ठाऊक असणार? आणि ज्या म्हातारीला ठाऊक होतं, तिचं तोंड शास्त्राचं नाव घेऊन आदल्या दिवशीच बंद करून झालं होतं.

मग महिना गेला. हंसा आली नाही, ज्युलियस आला नाही. बाई वरवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होत्या आणि आतून जळत होत्या. कधी वाटायचं, जुळलं असेल, आता ज्युलियस तोंड पाडून येईल आणि म्हणेल, चंद्रकांता, तूच खरी. कधी वाटायचं, हंसाने लबाडी करून जुनाच आकडा लिहून दिला असेल. स्वतः लबाडी केली की जग लबाड दिसतं, त्यातलाच प्रकार! दयाराम म्हणाला, "तुला उन्हाळी लागलीय, सब्जा घे." बाईंनी त्याच्यावर सुरी उगारली तशी तो विहिरीकडे गेला.

मे संपता संपता ज्युलियसची स्कूटर फाटकात शिरली. मागे हंसा बसली होती. ज्युलियस पायऱ्या चढायच्या आधीच ओरडला, "चंद्रकांता! अगं, कमाल केलीस! मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?"

बाई ओटीच्या कठड्यापाशी आल्या.

"काय सांगायचं होतं?"

"राबाचं!" ज्युलियसने चित्रं कठड्यावरच पसरली. "हे बघ. त्या सकाळी मिठागरावर धूर आला. हंसाचा आकडा तिप्पट झाला. आणि उपग्रहाचा? तोही चढायला हवा होता, पण जानेवारीत होता तेवढाच! अजिबात हलला नाही. हवेत एवढा धूर असून त्याला पत्ता नाही. म्हणजे तो हवा बघतच नव्हता, पहिल्यापासून खालचं मीठच बघत होता. मी तीन महिने नुसती शंका घेत होतो, एका धुराने ती सिद्ध झाली."

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती! बाईंनी हंसाकडे बघितलं. हंसा खाली बघत होती.

"साहेब तर ही नोंद बाद करणार होते," ज्युलियस सांगत होता. "म्हणाले, शेजारी शेत पेटलं, नोंद बिघडली, फेकून द्या. तेव्हा हंसाने सांगितलं की ते आपोआप पेटलेलं नाही, चुरीबाईंनी आदल्या दिवशी येऊन, वेळ ठरवून तो धूर करायला सांगितला होता. ठरवून केलेला प्रयोग म्हटल्यावर साहेबांचं तोंड बंद! आता निबंधात तुझंही नाव घालायचं म्हणतायत. आभारात नाही, वर. माझ्या नावाला लागून, तुम्हा दोघींचं."

एवढ्यात दयारामने वाडीतून हाक मारली की पिकलेला घड उतरवलाय, डॉक्टरसाहेबांनी बघायला यावं. ज्युलियस उड्या मारत गेला. ओटीवर दोघीच राहिल्या.

बाईंना वाटलं, पोर भोळी आहे. हिला खरंच वाटलं की आपण प्रयोग केला. देवच पावला म्हणायचा. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "बस ना हंसा. आई बरी आहे?"

"राबाची आग उडाली बाई," हंसा म्हणाली. "वारा होता. पेंढ्याची उडवी जळली, अख्खी. बैलांना पावसाळाभर घालायचा पेंढा होता तो. आईचा एक हात भाजला विझवताना."

बाईंनी कठड्यावरची चित्रं बाजूला सारली.

"आई अजून म्हणते की तीच कुठेतरी चुकली. म्हणते, बाई शास्त्रातलं सांगून गेल्या, त्या खोटं कशाला सांगतील? मलाच नीट पेटवता आला नसंल." हंसाने बाईंकडे सरळ बघितलं. "राख चांगली होते म्हणून कुठल्या पुस्तकात आहे, बाई? तुमची सगळी पुस्तकं माझ्याकडेच आहेत. मी शोधलं."

"हंसा..."

"फेरी कधी, वेळ कुठली, हे आपल्या तिघांनाच माहीत होतं. मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पश्चात्तापाचं किती आणि पकडले गेल्याचं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "मग तू ज्युलियसला तसं का सांगितलंस? खरं का नाही सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर साहेबांनी ती नोंद फेकली असती. कुणीतरी मत्सराने बिघडवलेली नोंद कोण छापतं? मला ती हवी होती." हंसाने पदराने तोंड पुसलं. "तुमच्यावर उपकार करायला नाही सांगितलं, बाई. माझं काम बुडू नये म्हणून सांगितलं. नाव राहू दे तुमचं, माझी हरकत नाही. फक्त पुन्हा आमच्या घरी येऊ नका. आई तुम्हाला बघितली की खुर्ची पुसेल, आणि मला ते बघवणार नाही."

ती उठली आणि चपला घालायला पायऱ्या उतरली. बाईंना तिला थांबवायचं होतं. पाय धरावेत, पुतळाबाईकडे जाऊन सगळं कबूल करावं, ज्युलियसला इथेच, आत्ताच सांगावं की माझं नाव काढ, मी पाप केलं. हे सगळं त्यांच्या मनात आलं, खोटं का बोला? अगदी ओठांपर्यंत आलं.

ज्युलियस केळ्यांची फणी हातात घेऊन वाडीतून परत आला. "मग काय, चंद्रकांता? घालू ना नाव? आज रात्री टंकलेखनाला द्यायचंय."

बाईंनी तोंड उघडलं. हंसा फाटकाची कडी काढत होती. कडीवर हात तसाच ठेवून तिने मागे वळून बघितलं. दयाराम तंबाखू मळता मळता थांबला.

"आधी कुणाचं येईल?" बाईंनी विचारलं. "माझं की हंसाचं?"